पाइप पास, फ्लँज नापास : लाइनीतल्या व्हॉल्व्हचं स्ट्रेस अ‍ॅनालिसिस पहिल्यांदा करताना

एका कारखान्यात सहा इंची स्टीम लाइनवरच्या व्हॉल्व्हचा खालचा फ्लँज, म्हणजे बोल्टनं जोडायची कडी, गळत होता. लाइन तापली की बारीक वाफ निघायची आणि खालच्या काँक्रीटवर ओल धरायची. फिटरनं तीनदा गॅस्केट बदललं. पान्याच्या दांड्यात पाइप घालून दोघं त्यावर लोंबकळले, इतके बोल्ट आवळले. शटडाउननंतर आठ दिवस बरे जायचे, मग पुन्हा तेच. मला बोलावलं तेव्हा मी आधी स्ट्रेस रिपोर्ट मागवला. रिपोर्ट अगदी स्वच्छ. सगळ्यात जास्त स्ट्रेस अलाउएबलच्या (कोड परवानगी देतो त्या स्ट्रेसच्या) बासष्ट टक्के, तोही वरच्या एल्बोवर, म्हणजे पाइपच्या वळणावर. व्हॉल्व्हच्या नोडसमोर (नोड म्हणजे मॉडेलमधला हिशेबाचा बिंदू) मात्र शून्य लिहिलेलं होतं.

नव्यानं या कामात आलेली मुलं त्या शून्याला फसतात. व्हॉल्व्ह, स्ट्रेनर, फ्लो मीटर या लाइनीत बसणाऱ्या वस्तू सॉफ्टवेअरमध्ये ‘रिजिड’ म्हणून टाकल्या जातात आणि रिजिडवर सॉफ्टवेअर स्ट्रेस काढतच नाही. एएसएमई या अमेरिकी संस्थेचा बी३१.३ असो की बी३१.१, पाइपिंग कोडची समीकरणं पाइप आणि फिटिंगसाठी आहेत, व्हॉल्व्हच्या बॉडीसाठी नाहीत. बॉडी जाड असते, ती सहसा काही होऊ देत नाही. पण दोन्ही बाजूंचा पाइप तिला जो बाक (बेंडिंग मोमेंट) देतो तो आधी फ्लँजच्या सांध्यातून जातो, आणि तिथे लोखंड तुटायच्या कितीतरी आधी गॅस्केट सुटतं. म्हणून इनलाइन आयटमचं अ‍ॅनालिसिस म्हणजे त्या शून्याच्या दोन्ही बाजूंना काय चाललंय ते बघणं. वरचीच लाइन घेऊन टप्प्याटप्प्यानं बघू.

आधी कागद गोळा करा

आयसोमेट्रिक (लाइनीचं त्रिमितीय ड्रॉइंग, थोडक्यात आयसो), लाइन लिस्ट, पाइपिंग स्पेक आणि पी अँड आयडी (पाइप नि उपकरणांचा आराखडा) तर हवेतच. नवीन माणूस इथेच थांबतो आणि मॉडेल सुरू करतो. खरा अडसर व्हेंडरच्या ड्रॉइंगचा असतो. त्यातून तीन गोष्टी लागतात : फेस टू फेस लांबी, एकूण वजन, आणि अ‍ॅक्च्युएटर (व्हॉल्व्ह फिरवणारं यंत्र) असेल तर त्याचं वजन नि गुरुत्वमध्य कुठे आहे ते. फ्लँज्ड व्हॉल्व्हची लांबी एएसएमई बी१६.१० मध्ये मिळते. सहा इंची क्लास ३०० (दाबाचा वर्ग) गेट व्हॉल्व्हची ४०३ मिमी. वजनासाठी असं कुठलंही स्टँडर्ड नाही. हाच गेट व्हॉल्व्ह सव्वाशे किलोच्या आसपास भरतो, पण मेकरप्रमाणे पंधरा-वीस किलो इकडेतिकडे होतात. व्हेंडरचं ड्रॉइंग आलं नसेल तर जुन्या प्रोजेक्टचं वजन घ्या, आयसोवर ‘गृहीत’ असं लिहून ठेवा आणि ड्रॉइंग आल्यावर बदला. ही शेवटची पायरी हमखास राहते.

भारतात वाफेचा दाब दर चौरस सेमीला ३.५ किलोच्या वर असेल तर लाइन आयबीआरमध्ये (इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स) येते. मग पाइपची जाडी, व्हॉल्व्हचे दाखले, ड्रॉइंगची मंजुरी हा सगळा वेगळा रस्ता सुरू होतो. मंजुरी झाल्यावर व्हॉल्व्ह हलवायचा म्हणजे किती कागद पुन्हा फिरतात हे एकदा अनुभवलं की माणूस स्ट्रेसचं काम वेळेत करायला लागतो.

मग हातानं हिशेब

सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर दहा मिनिटं घालवा. आपली लाइन : सहा इंच, शेड्यूल ४० (पाइपच्या जाडीचा वर्ग), कार्बन स्टील, २० बारची वाफ, म्हणजे तापमान सुमारे २१५ अंश. जोडणीच्या वेळचं तापमान ३० अंश धरू. पाइप रॅकवर ३० मीटरची सरळ धाव, टोकाला एल्बो, तिथून ६ मीटर खाली उभा पाय, आणि पायथ्याच्या एल्बोला लागून अँकर, म्हणजे पाइपला कुठेच हलू न देणारा आधार.

पोलाद दर मीटरला, दर अंशाला सुमारे ०.०१२ मिमी वाढतं. १८५ अंशांच्या फरकाला ३० मीटर पाइप ६७ मिमी वाढेल. ही वाढ दोन्ही टोकांना दाबून धरली तर पाइपमध्ये ४४४ मेगापास्कल ताण येईल. ए१०६ ग्रेड बी पाइपचा यील्ड, म्हणजे पोलाद कायमचं वाकायला लागतं तो ताण, २४० आहे. त्यामुळे पोटात ६७ मिमी घ्यायला कुणीतरी हवं, आणि इथे ते काम उभ्या पायाचं.

पायाची दोन्ही टोकं फिरू शकत नाहीत असं धरलं तर टोकाशी येणारा बाक ६ × ई × आय × सरक भागिले लांबीचा वर्ग. ई म्हणजे पोलादाचा कडकपणा, आय म्हणजे पाइपच्या छेदाचा वाकण्याला विरोध. या पाइपचा आय ११७१ सेमी⁴ आहे. आकडे घातले की सुमारे २६ किलोन्यूटन-मीटर येतात, म्हणजे १८८ मेगापास्कल. अलाउएबल किती? विस्तारामुळे येणाऱ्या स्ट्रेसला कोड १.२५ पट थंड अलाउएबल अधिक ०.२५ पट गरम अलाउएबल देतो. आपल्या पाइपला साधारण २०५. शिवाय प्रत्यक्षात एल्बो मऊ असतात, थोडे लंबगोल होऊन ते बरीच सरक पचवतात. तो मऊपणा धरला की २६ चे सुमारे ८ होतात. एल्बोचा स्ट्रेस इंटेन्सिफिकेशन फॅक्टर (वळणात स्ट्रेस किती पट धरायचा तो आकडा) २.२७ लावूनही स्ट्रेस १२७ वर थांबतो. अलाउएबलच्या बासष्ट टक्के, म्हणजे रिपोर्टमध्ये होता तोच आकडा.

जाता जाता एक सांगतो. हा फॅक्टर गुळगुळीत पाइपच्या तुलनेत नसतो. ए. आर. सी. मार्कल यांनी अमेरिकेत फिटिंग वाकवून-वाकवून मोडायचे प्रयोग केले आणि १९५२ साली निष्कर्ष छापले. त्यांनी बट वेल्ड असलेल्या पाइपला १ धरलं. त्यामुळे कोडचा स्ट्रेस हा पाठ्यपुस्तकातला खराखुरा स्ट्रेस नव्हे. फायनाइट एलिमेंटचे (संगणकावर बारीक तुकडे पाडून काढलेले) आकडे त्याच्याशी जुळत नाहीत म्हणून घाबरून माझ्याकडे येणारा एक तरी ट्रेनी दर वर्षी असतो.

व्हॉल्व्ह मॉडेलमध्ये

आता सीझर टू हे स्ट्रेसचं सॉफ्टवेअर उघडा. ऑटोपाइप वापरत असाल तरी विचार हाच.

फ्लँज, व्हॉल्व्ह, फ्लँज असे तीन वेगळे रिजिड एलिमेंट करा. सगळं मिळून एकच लांब रिजिड टाकायचा मोह होतो. पण गळती तपासायला नोड फ्लँजच्या तोंडावर हवा, तो वेल्डवर असून उपयोग नाही.

वजनाचा रकाना कोरा सोडू नका. सीझरमध्ये रिजिडचं वजन शून्य किंवा कोरं असेल तर सॉफ्टवेअर त्याला केवळ जोडणीचा काल्पनिक तुकडा समजतं आणि आतल्या द्रवाचं नि वरच्या इन्सुलेशनचंही वजन धरत नाही. एरर येत नाही, मॉडेल सुरळीत पळतं. आपल्या लाइनीत व्हॉल्व्ह सव्वाशे किलो आणि दोन वेल्डनेक फ्लँज मिळून चाळीसेक किलो. शेड्यूल ४० चा सहा इंची पाइप मीटरला २८ किलो. म्हणजे कोरा रकाना सोडला तर जवळजवळ सहा मीटर पाइप हवेत विरघळवला.

वजन घातलं की रिजिडचा कडकपणा सॉफ्टवेअर पाइपच्या दहापट जाडीवरून ठरवतं, ते तसंच असू द्या. व्हॉल्व्हच्या कडकपणाचा अचूक आकडा शोधत बसण्यात अर्थ नाही. पाइपच्या मानानं तो दगडच असतो.

अ‍ॅक्च्युएटर असेल तर व्हॉल्व्हच्या मध्यापासून त्याच्या गुरुत्वमध्यापर्यंत आणखी एक रिजिड काढा आणि त्याचं वजन तिथे द्या. उभ्या अ‍ॅक्च्युएटरला याचा फारसा फरक पडत नाही. तोच आडवा बसला की पाइपला पीळ बसतो आणि शेजारचा सपोर्ट उचलला जाऊ शकतो. मोटराइज्ड व्हॉल्व्ह आडवे बसवायची वेळ जागेअभावी नेहमीच येते, तेव्हा हे विसरू नका.

व्हॉल्व्ह थेट एल्बोला भिडवला असेल तर एल्बोच्या खिडकीत ‘एका टोकाला फ्लँज’ हा पर्याय निवडा. एल्बो मऊ असतो कारण त्याला लंबगोल होता येतं, आणि फ्लँजची कडी त्याला तसं होऊ देत नाही. आपल्या एल्बोचा मऊपणाचा आकडा ६.६ आहे. एका बाजूला फ्लँज आला की तो ५.२ होतो, दोन्ही बाजूंना आले की ४.२. स्ट्रेस फॅक्टरही त्याच प्रमाणात उतरतो, त्यामुळे रिपोर्टमध्ये एल्बो सुखी दिसतो. पण पाय कडक झालेला असतो आणि बाक वाढलेला असतो. तो जातो फ्लँजकडे.

फ्लँजचा हिशेब

हीच खरी तपासणी, आणि आमच्या गळक्या लाइनीत ती कुणी केलीच नव्हती.

सगळ्यात सोपी पद्धत समतुल्य दाबाची, जुनी माणसं तिला केलॉग पद्धत म्हणतात. फ्लँजवरचा बाक आणि ओढ यांचं दाबात रूपांतर करायचं, लाइनीच्या दाबात मिळवायचं आणि बेरीज फ्लँजच्या रेटिंगखाली (तो सोसू शकतो त्या दाबाखाली) राहते का ते बघायचं. बाकाचा वाटा : १६ × बाक भागिले (π × गॅस्केटच्या व्यासाचा घन). ओढीचा वाटा : ४ × ओढ भागिले (π × त्या व्यासाचा वर्ग). व्यास म्हणजे गॅस्केट जिथे दाब घेतं तो. सहा इंची स्पायरल वूंड गॅस्केटला साधारण २०० मिमी. क्लास ३०० कार्बन स्टील फ्लँजचं रेटिंग बी१६.५ प्रमाणे नेहमीच्या तापमानाला ५१.१ बार, पण २१५ अंशांना ४३ च्या आसपास. ५१ धरून तपासणारे मी पाहिले आहेत. रेटिंग नेहमी गरम तापमानाचं घ्या.

आता आपला व्हॉल्व्ह. ऑपरेटरच्या हाताशी यावा म्हणून त्याचा खालचा फ्लँज पायथ्यापासून एक मीटरवर ठेवला होता. दोन्ही टोकं धरलेल्या पायात बाक टोकांशी सगळ्यात जास्त, मध्ये शून्य आणि दरम्यान सरळ रेषेत उतरतो. टोकाला ८, तर एक मीटरवर ५.३ किलोन्यूटन-मीटर. त्याचा समतुल्य दाब ३४ बार. लाइनीचे २० मिळवले की ५४. परवानगी ४३ ची. फिटरनं कितीही बोल्ट आवळले असते तरी तो फ्लँज गळणारच होता.

तोच व्हॉल्व्ह पायाच्या मधोमध नेला तर? फ्लँजची तोंडं मध्यापासून दोन्हीकडे वीस-वीस सेंटिमीटरवर येतात. बाक उरतो जेमतेम अर्धा किलोन्यूटन-मीटर, म्हणजे साडेतीन बार. बेरीज साडेतेवीस. पाइप तोच, आणि फ्लँज, गॅस्केटही तेच. मधल्या दगडामुळे पायाची लवचीकताही फारशी कमी होत नाही, कारण पाय वाकतो तो टोकांशी. पुढच्या शटडाउनला व्हॉल्व्ह दोन मीटर वर सरकवला आणि हँडव्हीलला चेन व्हील लावून साखळी खाली सोडली. ऑपरेटर कुरकुरला, गळती मात्र थांबली.

समतुल्य दाबाची पद्धत कडक आहे. बाकामुळे फ्लँजच्या एकाच कडेला येणारी ओढ ती पूर्ण परिघावर आहे असं धरते. म्हणून तिच्यात नापास झालेला फ्लँज लगेच टाकाऊ ठरवू नका. एएसएमई सेक्शन थ्रीमधली एनसी-३६५८ ची पद्धत लावा, ती सीझरमध्ये तयार आहे. तिथेही नापास झाला तर सेक्शन एटच्या अपेंडिक्स टू नं सविस्तर हिशेब. पण त्याआधी व्हॉल्व्ह दुसरीकडे नेता येतो का ते विचारा. लेआउटवाल्याशी पंधरा मिनिटं बोलून जे सुटतं त्यासाठी तीन दिवस हिशेब करण्यात शहाणपण नाही.

सपोर्ट

आडव्या लाइनीत व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना सपोर्ट द्यावा, निदान एक तरी अगदी जवळ. तक्त्यातलं अंतर सरळ पाइपचं असतं. सहा इंची वाफेच्या लाइनीला ६.४ मीटर. मध्ये दीडशे किलोचा व्हॉल्व्ह लटकत असेल तर त्या अंतराला अर्थ राहत नाही. सपोर्ट व्हॉल्व्हच्या बॉडीखाली घालू नका. देखभालीला व्हॉल्व्ह काढला की लाइन कशावर उभी राहील, हा प्रश्न प्रत्येक सपोर्टपाशी विचारा.

उभ्या पायाची आणखी एक खोड आहे. तो स्वतःही वाढतो. आपले ६ मीटर १३ मिमी वाढतात आणि अँकर खाली असल्यामुळे वरचा एल्बो तेवढा उचलला जातो. रॅकवरचा पहिला रेस्ट (पाइप नुसता टेकतो तो सपोर्ट) रिकामा पडतो, त्याच्यावरचं वजन पायावर येतं. गरम अवस्थेच्या रिपोर्टमध्ये त्या सपोर्टसमोर शून्य भार दिसला की समजा, पाइप हवेत आहे. पहिला रेस्ट पुढे सरकवा किंवा तिथे स्प्रिंग द्या.

कंट्रोल व्हॉल्व्ह स्टेशन स्वतंत्र विषय आहे, एवढं मात्र आत्ताच लक्षात ठेवा. कंट्रोल व्हॉल्व्ह बहुधा लाइनीपेक्षा लहान, सहा इंची लाइनीत चार इंची, दोन्ही बाजूंना रिड्यूसर. सहा इंची पाइपचा सेक्शन मॉड्युलस (बाक सोसायची छेदाची ताकद) १३९ घनसेमी, चार इंचीचा ५३. तोच बाक लहान पाइपमध्ये २.६ पट स्ट्रेस देतो. आणि वर अ‍ॅक्च्युएटरचं डोकं असतंच. एका बाजूचा सपोर्ट पक्का करा, दुसऱ्या बाजूचा सरकता ठेवा. दोन्ही पक्के केले तर मधली वाढ थेट व्हॉल्व्हवर बसते.

बेलोज

जागा नसली, लूप (वाढ पचवायला पाइपला दिलेला वळसा) मावत नसला की कुणीतरी हमखास सुचवतं, ‘एक बेलोज टाकून देऊ’. बेलोज म्हणजे पाइपमध्ये बसवायची चुणीदार, लवचीक नळी. टाकण्याआधी एक आकडा काढा : दाब गुणिले बेलोजचं परिणामी क्षेत्रफळ. आपल्या सहा इंची लाइनीत २० बारला हा जोर साडेपाच टनांच्या घरात जातो. साधा पाइप असताना ही ओढ पाइपचं लोखंडच सांभाळतं. बेलोज मध्ये आला की ती साखळी तुटते आणि दोन्ही बाजूंचे अँकर ती घेतात. अँकर नसतील, किंवा बेलोजला टाय रॉड (त्याला ताणू न देणारे दांडे) नसतील, तर तो अकॉर्डियनसारखा ताणला जातो.

इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरोच्या कारखान्यात नेमकं हेच राहून गेलं. सहा रिअ‍ॅक्टरांच्या रांगेतल्या पाचव्याला तडा गेला म्हणून तो काढला आणि चौथा-सहावा जोडायला २० इंची तात्पुरता पाइप बसवला. दोन्ही टोकांना २८ इंची बेलोज. रिअ‍ॅक्टर पायऱ्यांसारखे खाली उतरत होते, म्हणून पाइप मध्ये वाकवावा लागला. त्याचं ड्रॉइंग वर्कशॉपच्या जमिनीवर खडूनं काढलं होतं आणि आधार होता मचाणाच्या नळ्यांचा. वाकड्या पाइपवर दोन्ही बेलोजचा जोर एका रेषेत येत नाही, पाइपला बाक देतो; तो हिशेब कुणी मांडलाच नाही. दर चौरस सेमीला ८.८ किलो दाबाला २८ इंची बेलोजचा जोर तीस टनांच्या पुढे जातो. १ जून १९७४ ला पाइप निसटला, गरम सायक्लोहेक्झेनचा ढग पेटला आणि २८ जण गेले.

लोड केस आणि हायड्रोटेस्ट

यावर फार लिहायला नको. वजन नि दाब यांची लोड केस (एकत्र येणाऱ्या भारांचा गट) वेगळी, तापमानासह चालू अवस्था वेगळी, आणि दोन्हींतला फरक म्हणजे विस्ताराची केस. फ्लँजची गळती चालू अवस्थेवर तपासा. विस्ताराच्या केसमध्ये वजन गळून पडतं. वारा-भूकंपाच्या केसला बी३१.३ गरम अलाउएबलच्या १.३३ पट सूट देतं. वाफेच्या लाइनीसाठी हायड्रोटेस्टची (पाणी भरून दाब देण्याच्या चाचणीची) केस मुद्दाम चालवा, कारण रोज रिकामी असणारी ही लाइन त्या दिवशी पाण्यानं भरते. सहा इंची पाइपमध्ये मीटरला साडेअठरा किलो पाणी बसतं, २८ किलोच्या पाइपला ते थोडं नाही.

साइटवर

मॉडेल पास झालं की काम संपलं असं कुणी म्हणालं तर त्याला उन्हात रॅकवर चढवा. लाइन चालू होऊन एक-दोन दिवस झाले की आयसो हातात घेऊन चाला. प्रत्येक सरकत्या शूखाली (पाइपला खालून लावलेला आधाराचा तुकडा) बीमवर घासल्याची चकाकी दिसायला हवी, आणि ती रिपोर्टमधल्या सरकेइतकी लांब हवी. आपल्या लाइनीच्या टोकाकडे साठ-पासष्ट मिमी. चकाकी नसेल, बीमचा रंग शाबूत असेल, तर वाका आणि शूच्या कडा बघा. इरेक्शनच्या वेळी लाइन हलू नये म्हणून मारलेला टॅक वेल्ड (तात्पुरता छोटा वेल्ड) तिथे तसाच राहिलेला असतो. मॉडेलमध्ये सरकणारी लाइन तिथे अडकलेली असते आणि सगळी वाढ उलट बाजूला, जिथे तुम्ही धरलीच नव्हती तिथे जाते.

फ्लँज जोडतानाही एकदा हजर राहा. बी३१.३ प्रमाणे दोन तोंडांमधला तिरकेपणा २०० मिमीला १ मिमीपेक्षा जास्त नको आणि बोल्टची भोकं ३ मिमीपेक्षा जास्त चुकलेली नकोत. चेन ब्लॉक लावून पाइप खेचून बोल्ट घालताना दिसले तर काम थांबवा. तो खेच तुमच्या मॉडेलमध्ये कुठेच नाही, तो थेट फ्लँजमध्ये जाऊन बसणार आहे. फिटर म्हणेल, ‘साहेब, सगळीकडे असंच करतात.’ करतात खरं. त्याच्याकडून फ्लँज सोडवून घ्या, वेल्ड कापायला लावा आणि नवीन जुळवणी होईपर्यंत तिथेच उभे राहा.